बाटली हिरवा की मोरपंखी: दोन जवळच्या गडद छटांमधून एक निवडताना

आपल्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडते, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावरच उभे आहे. पुण्यातील सदनिकेत १३ फूट बाय ११ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली आहे. तिला उत्तरेकडे एकच खिडकी आहे, खाली हस्तिदंती रंगाच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, आत सागवानी कपाट, टेबल आणि पुस्तकांची मांडणी आहे, छत पांढरे आहे. खोलीचा वापर मुख्यतः संध्याकाळी सातनंतर वाचनासाठी व्हायचा आहे. चारही भिंतींना गडद रंग द्यायचे ठरले असून शेडकार्डावरून शेवटी दोन छटा उरल्या आहेत. एक गडद बाटली हिरवा, ज्याचे परावर्तन-मूल्य (पडलेल्या प्रकाशापैकी किती परत जातो त्याचे माप) कार्डावर ७ दिले आहे, आणि दुसरा गडद मोरपंखी, ज्याचे मूल्य १० आहे. खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीशेजारी, दोन्हींचे पट्टे एकमेकांना लागून मारले आहेत, पण सकाळी एक बरा वाटतो, रात्री दुसरा, आणि घरात एकमत होत नाही.

एकमत न होण्याचे मोठे कारण ते पट्टेच आहेत. दोन जवळच्या छटा एकमेकींना चिकटून पाहिल्या की डोळा त्यांच्यातील फरक वाढवून दाखवतो. मोरपंखीमुळे बाटली हिरवा आहे त्याहून अधिक पिवळट आणि काळपट दिसतो, आणि बाटली हिरव्यामुळे मोरपंखी आहे त्याहून अधिक निळा. हे काही नवे ज्ञान नाही. पॅरिसच्या गोबलाँ या शाही विणकामशाळेच्या रंगाईविभागाचे प्रमुख म्हणून १८२४ मध्ये नेमले गेलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे अशी तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या रंगाईत दोष नव्हता, शेजारच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. या निरीक्षणातून त्यांनी समकालिक विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आपल्या भिंतीवर आज नेमके तेच घडते आहे, आणि त्यात जुन्या पिवळसर भिंतीची भर पडते, जी दोन्ही गडद पट्ट्यांना चौकटीसारखी घेरून त्यांना आणखी काळे दाखवते.

खोली रंगवून झाल्यावर दुसरी छटा तिथे नसणार. म्हणून पट्टे शेजारी ठेवून एवढेच पाहावे की कोणत्या छटेत कोणती झाक आहे. निवड मात्र एकेक छटा स्वतंत्रपणे पाहूनच करावी. ‘या दोहोंतली सुंदर कोणती’ या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. त्याऐवजी, ज्या वेळी आपण त्या खोलीत बसणार त्या वेळी हा फरक उरतो का, आणि उरत असेल तर सागवान आणि टाइल्स यांच्यासोबत कोणती छटा टिकते, हे विचारावे.

त्यासाठी नमुना नीट तयार करावा लागेल. शेडकार्डावरचा चौकोन दोन बोटांएवढा असतो आणि बहुतेक वेळा तो प्रत्यक्ष भिंतीवर लागणाऱ्या रंगाने बनवलेला नसतो, त्यामुळे तो यादी लहान करण्यापुरता उपयोगी. दोन फूट बाय दोन फुटांचे प्लायवूडचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, त्यांवर पांढऱ्या प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक हात द्या, आणि नंतर जो रंग भिंतीला लावणार त्याच कंपनीच्या त्याच प्रकारच्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचे), छोट्या रोलरने, किमान दोन पूर्ण हात द्या. एक लिटरचा डबा यासाठी जास्त होतो हे खरे, पण पूर्ण खोली दुसऱ्यांदा रंगवण्याच्या मजुरीपुढे ती रक्कम किरकोळ आहे. कडेला पांढरी पट्टी मोकळी सोडू नका, रंग काठापर्यंत जाऊ द्या, कारण पांढऱ्या चौकटीत कोणतीही गडद छटा अधिक काळपट दिसते. ओले असताना काहीही ठरवू नका. इमल्शनमधला चिकटद्रव ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे छटा वाळताना गडद होत जाते, आणि हा बदल फिक्या रंगापेक्षा गडद रंगात जास्त जाणवतो. रात्रभर वाळू द्यावे, मग पाहावे.

‘त्याच प्रकारच्या इमल्शनचे’ हे मी मुद्दाम लिहिले आहे. एकच छटा मॅटमध्ये (बिनचमकीच्या रंगात) आणि चकचकीत शीनमध्ये (चमक असलेल्या रंगात) काढली, तर त्या दोहोंत जो फरक दिसतो तो आपल्या या दोन छटांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो. चमकदार पृष्ठभागावर खिडकीचा उजेड आरशासारखा परततो, त्यामुळे समोरून गडद दिसणारी भिंत बाजूने पाहिल्यास करडी, धुरकट दिसते. मॅटमध्ये प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि छटा बहुतेक कोनांतून सारखी राहते. मॅटचा तोटा असा की हात, खुर्चीची पाठ, दप्तर घासले की त्या जागी चमकदार ओरखडा उमटतो आणि गडद रंगावर तो लगेच नजरेत येतो. शीनचा तोटा असा की लांबीचे, म्हणजे रंगाखालच्या पुट्टीचे, उंचसखलपण, विशेषतः खिडकीच्या भिंतीवर तिरप्या उजेडात, लपत नाही. वाचनाच्या खोलीसाठी माझे मत मॅट किंवा अगदी मंद शीनच्या बाजूने आहे, पण त्यासाठी लांबीचे काम चांगले करून घ्यावे लागते आणि त्यात रंगाऱ्याने घाई केली तर कोणतीही छटा वाचवत नाही.

आता नमुने कुठे आणि केव्हा पाहायचे, ते. फळी चारही भिंतींवर आळीपाळीने टेकवावी. खिडकीच्या भिंतीवर ती सर्वांत काळी दिसेल, कारण त्या भिंतीवर थेट उजेड पडतच नाही आणि शेजारच्या खिडकीच्या झगझगाटामुळे डोळ्याची बाहुली आकुंचित होते. आपण पट्टे नेमके तिथेच मारले आहेत. खिडकीसमोरच्या भिंतीवर तीच छटा बरीच उजळ वाटेल. खोलीत बसल्यावर आपली नजर ज्या भिंतीकडे असणार, तिच्यावरचा नमुना सर्वांत महत्त्वाचा. टेबल पूर्वेच्या भिंतीला असेल तर पूर्वेची भिंत. फळी जमिनीला टेकवूनही एकदा पाहा, कारण हस्तिदंती चकचकीत टाइल्सवरून परतणारा पिवळसर उजेड भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर पडतो आणि मोरपंखीची निळी झाक तिथे थोडी मारली जाते.

उत्तरेचा उजेड स्थिर असतो असे सर्वत्र वाचायला मिळते. ते विधान युरोपात जसे लागू पडते तसे आपल्याकडे पूर्णपणे पडत नाही. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस. मेच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारीही आकाशाच्या उत्तर भागात असतो. शिवाय मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आणि सायंकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपे, पिवळे ऊन आत येऊ शकते. पावसाळ्यात हाच उजेड ढगांतून गाळून करडा होतो, आणि खिडकीबाहेर झाड असेल तर त्यात हिरवी छटा मिसळते. हिवाळ्यात मात्र पुस्तकात म्हटल्याप्रमाणे आकाशाचा निळसर, शांत उजेड मिळतो. आपण पट्टे हिवाळ्यात पाहत असाल तर मोरपंखी अधिक निळा दिसणे स्वाभाविक आहे, आणि मे महिन्यात तोच हिरव्याकडे झुकला तर त्याचा दोष रंगाला देऊ नये.

परंतु आपण ही खोली संध्याकाळी सातनंतर वापरणार आहात, त्यामुळे वरच्या परिच्छेदापेक्षा छतावरचा दिवा अधिक निर्णायक आहे. आपल्याकडे अनेक घरांत ६५०० केल्व्हिनची (केल्व्हिन हे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचे माप) पांढरी एलईडी ट्यूब असते, जिच्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो. ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात तो बराच कमी असतो. भिंत स्वतःचा प्रकाश निर्माण करत नाही, तिच्यावर जे पडते त्यातलेच ती परत करते, म्हणून पिवळसर दिव्याखाली मोरपंखीतला निळा भाग दबतो आणि तो मंद, किंचित करडा हिरवा होतो. बाटली हिरव्यात मुळातच पिवळ्या ऑक्साइडचा (खनिज रंगद्रव्याचा) अंश असेल तर तो त्याच दिव्याखाली उबदार होतो आणि फारसा बिघडत नाही. पांढऱ्या ट्यूबखाली उलट घडते: मोरपंखी निळा आणि टवटवीत दिसतो, तर बाटली हिरवा काहीसा थंड, शाळेच्या फळ्याच्या रंगाकडे झुकणारा. दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शन निर्देशांक (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे माप, CRI) छापलेला असतो, तोही पाहावा. ८० चा दिवा चालतो, पण गडद भिंतींच्या खोलीत ९० किंवा त्याहून अधिकचा घ्यावा, नाहीतर सागवानाचा तांबूसपणाही मेल्यासारखा होतो.

दोन छटा एका उजेडात जवळजवळ सारख्या आणि दुसऱ्या उजेडात स्पष्टपणे वेगळ्या दिसाव्यात, याचे कारण त्या वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेल्या असतात. हे तपासण्याचा एक सोपा मार्ग क्वचितच कोणी वापरतो. दुकानात टिंटिंग मशीनवर छटा काढली की डब्यावर चिकटवायची चिठ्ठी छापली जाते, आणि अनेक यंत्रांच्या चिठ्ठीवर बेस (रंगद्रव्ये मिसळण्याआधीचा मूळ रंग) तसेच त्यात कोणती रंगद्रव्ये किती पडली हे संकेताने दिलेले असते. दुकानदाराला विनंती केल्यास तो संगणकावरही सूत्र दाखवतो. दोन्ही सूत्रे शेजारी ठेवा. एकात काळ्याचा वाटा मोठा असेल तर ती छटा मंद दिव्यात भराभर काळी होईल. एकात थॅलो निळा आणि दुसऱ्यात थॅलो हिरवा (दोन्ही तीव्र कृत्रिम रंगद्रव्ये) प्रमुख असेल, तर दिवा बदलल्यावर त्या वेगवेगळ्या दिशांना सरकतील. ऑक्साइडवर्गातली पिवळी आणि तांबडी द्रव्ये उन्हात टिकाऊ असतात, तर काही सेंद्रिय पिवळी आणि लाल द्रव्ये तुलनेने लवकर विटतात. आपल्या उत्तरेच्या खोलीत ही चिंता लहान आहे, पश्चिमेच्या खोलीत ती मोठी ठरली असती. छटांना दिलेल्या काव्यमय नावांकडे मात्र दुर्लक्ष करावे, कंपन्या ती कशीही ठेवतात.

परावर्तन-मूल्यातील ७ आणि १० हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. हे मूल्य ० ते १०० या मापावर असते, पूर्ण काळा शून्याजवळ आणि स्वच्छ पांढरा शंभराजवळ. फिक्या रंगांत ६७ आणि ७० यांतला फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र १० ची भिंत ७ च्या भिंतीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त प्रकाश परत करते, आणि मंद उजेडात ते जाणवते. आजची पिवळसर भिंत ६५-७० च्या आसपास असेल असे धरले, तर दोन्हींपैकी कोणतीही छटा दिली तरी भिंतींवरून परतणारा प्रकाश सहाव्या ते दहाव्या हिश्श्यावर येईल. म्हणजे आज पुरेशी वाटणारी एक ट्यूब पुरणार नाही. टेबलावर स्वतंत्र वाचनदिवा आणि पुस्तकांच्या मांडणीवर किंवा एका भिंतीवर प्रकाश टाकणारे दोन लहान दिवे यांचा विचार रंगाआधी करा, कारण वायरिंगसाठी भिंत फोडावी लागली तर ती लांबीपूर्वीच फोडायला हवी. नवे दिवे ठरले की तेच दिवे नमुन्यांवर टाकून पाहा. दिवा बदलल्यावर डोळ्यांना किमान पाच-दहा मिनिटे द्या, कारण उजळ दिवाणखान्यातून थेट आत येऊन घेतलेला निर्णय दिवाणखान्यातल्या दिव्याचा असतो.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट. अतिशय मंद उजेडात डोळ्याची संवेदनशीलता तांबड्याकडून निळ्या-हिरव्याकडे सरकते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे नोंदवले होते. आपल्या दोन्ही छटा निळ्या-हिरव्या पट्ट्यातल्या असल्याने तिन्हीसांजेला त्या गडद किरमिजी रंगाप्रमाणे एकदम काळ्या पडणार नाहीत. निवड किरमिजी आणि निळा यांच्यात असती, तर हा मुद्दा मी सर्वांत आधी मांडला असता.

चाचणीची पद्धत अशी ठेवा. पहिल्या दिवशी फक्त बाटली हिरव्याची फळी खोलीत राहू द्या, सकाळी, दुपारी, आणि रात्री नव्या दिव्याखाली पाहा, सागवानी कपाटाला टेकवूनही पाहा, आणि काय वाटले ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती फळी बाहेर न्या आणि मोरपंखीची आणा. घरातल्या प्रत्येकाने आपले टिपण स्वतंत्र लिहावे आणि ते आधी एकमेकांना दाखवू नये. माझ्या अनुभवात अशा टिपणांवरून वाद बराच कमी होतो, कारण बऱ्याच वेळा असे आढळते की एकाला सकाळची खोली डोळ्यांसमोर होती आणि दुसऱ्याला रात्रीची. रात्रीच्या टिपणाला दुप्पट वजन द्यावे, सकाळी त्या खोलीत फक्त केर काढला जाणार असेल तर अधिकच.

चाचणीआधी माझा कल विचाराल तर तो बाटली हिरव्याकडे आहे, दिवे ३००० केल्व्हिनचे असतील या अटीवर. सागवान हे नारिंगीकडे झुकणारे तपकिरी लाकूड आहे, आणि निळ्या झाकेची भिंत मागे असली की शेव्रल यांच्याच नियमाने ते अधिक नारिंगी दिसते. पॉलिश ताजे असेल तर ते भडकही वाटते. बाटली हिरव्याच्या पार्श्वभूमीवर तेच लाकूड शांत राहते, आणि पिवळसर दिव्याखाली ही छटा आपली ओळख टिकवते. पण आपण पांढरी ट्यूबच ठेवणार असाल, तर माझा सल्ला बदलतो आणि मोरपंखी घ्यावा असे म्हणेन. आणि रात्रीच्या टिपणांत दोन्ही छटा सारख्याच भासल्या, तर वाद न घालता मोरपंखी निवडा. त्याचे परावर्तन-मूल्य अधिक आहे, त्यामुळे खोलीला थोडा तरी उजेड मिळेल, आणि त्याच्या सूत्रात पांढऱ्याचा अंश अधिक असेल तर तो भिंतही लवकर झाकेल.

हा शेवटचा मुद्दा खर्चाशी जोडलेला आहे. गडद छटा डीप किंवा ॲक्सेंट बेसमध्ये काढल्या जातात. या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे झाकण्याची मुख्य ताकद असलेले पांढरे द्रव्य, फार कमी असते किंवा नसतेच, कारण ते असेल तर रंग गडद होणारच नाही. म्हणून फिका रंग दोन हातांत बसतो तिथे गडद रंगाला तीन, कधी चार हात लागतात. पांढऱ्या प्रायमरऐवजी करडा प्रायमर वापरला तर एक हात वाचू शकतो. पाण्याच्या प्रायमरमध्ये काळ्या स्टेनरची (रंगात मिसळायच्या घट्ट रंगद्रव्याची) थोडी मात्रा घालून तो करडा करता येतो, मात्र स्टेनरची कमाल मात्रा डब्यावर पाहून घ्यावी. रंगाऱ्याने रंगात पाणी कंपनीने सांगितले त्याहून अधिक घातले, तर गडद भिंतीवर रोलरचे पट्टे आणि ढगाळ डाग उमटतात, आणि ते आणखी एक हात दिल्याशिवाय जात नाहीत.

आपल्या खोलीच्या भिंतींचे क्षेत्रफळ परिघ ४८ फूट आणि उंची साडेनऊ फूट या हिशेबाने ४५६ चौरस फूट होते. दार, खिडकी आणि कपाटामागचा भाग वजा करता साधारण ३५० उरतात. गुळगुळीत लांबीवर एक लिटर इमल्शन एका हाताला सुमारे २४० चौरस फूट पुरते असे धरले, तर तीन हातांना एक लिटरमध्ये ८० चौरस फूट होतात, म्हणजे जवळपास साडेचार लिटर रंग लागेल. पाच लिटर एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच दिवशी काढून घ्या. गडद बेसच्या डब्यात रंगद्रव्यासाठी जागा सोडलेली असते, त्यामुळे डब्यावर छापलेले नक्त माप वाचूनच हिशेब करा. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या. दोन डब्यांमध्ये यंत्राने केलेला किंचित फरक गडद भिंतीवर भिंतीच्या मध्यावर दिसतो, एकत्र ढवळल्यावर तो नाहीसा होतो.

खिडकीची भिंत बाहेरची आहे, म्हणून तिच्यात पावसाळ्याची ओल उरली आहे का ते आधी पाहा. ओलीबरोबर क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरी बुरशीसारखी पूड धरते. फिक्या भिंतीवर ती वर्षभर कोणाला दिसत नाही, गडद भिंतीवर पहिल्याच महिन्यात दिसते. पोपडे निघाले असतील तर गळतीचे मूळ बंद करून भिंत पूर्ण वाळू द्यावी लागेल, मग दसऱ्याचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

उरलेला रंग हवाबंद छोट्या डब्यात भरून त्यावर छटेचा क्रमांक, बेस, शीन आणि तारीख लिहून ठेवा आणि सूत्राची चिठ्ठी जपून ठेवा. पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी टचअप करू नका, मॅटमध्येही ते ठिगळासारखे दिसते. त्या भिंतीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक पूर्ण हात द्यावा. एका भिंतीला त्यासाठी अर्धा लिटर पुरतो, आणि पाच लिटरमधून तेवढा उरायला हरकत नाही.